चोपन्न मिनिटांचा झोका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मोठा भूकंप झाला की ‘पृथ्वी घंटेसारखी वाजली’ हे वाक्य मराठी वर्तमानपत्रांत हमखास वाचायला मिळते. वाक्य चुकीचे नाही. खटकते ते हे, की बातमी तिथेच थांबते. एक ठोका पुरा व्हायला किती वेळ लागतो, जमीन किती हलते, ते मोजतात कशाने आणि मोजून मिळते काय, यातले काहीच वाचकापर्यंत पोचत नाही. त्याच बातमीत भूकंपाचा म्हणून जो आकडा छापलेला असतो तो पुढे बदलतो, पण बदलल्याची ओळ सहसा कुठे येत नाही. या दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. सर्वात मोठ्या भूकंपांचे खरे वजन पृथ्वीच्या या घुमण्यावरूनच कळते. म्हणून हे लांबलेले पत्र.

देवळातली घंटा सेकंदाला शेकडो वेळा थरथरते. पृथ्वीचा सर्वात संथ झोका पुरा व्हायला सुमारे ३,२३३ सेकंद, म्हणजे जवळजवळ ५४ मिनिटे लागतात. माणसाला ऐकू येणाऱ्या अगदी खालच्या स्वराच्याही तो सोळा सप्तके खाली आहे. त्यामुळे ‘पृथ्वीचा आवाज’ म्हणून ज्या ध्वनिफिती फिरतात, त्या हजारो-लाखो पटींनी वेग वाढवून तयार केलेल्या असतात, हे बातमीत लिहायलाच हवे.

या झोक्यात घडते काय? मऊ रबरी चेंडू वर-खाली ताणला तर तो लिंबासारखा दोन टोकांना निमुळता होतो आणि मधे बारीक होतो; वरून दाबला तर पेढ्यासारखा चपटा होऊन बाजूंनी फुगतो. पृथ्वी एकदा लिंबू होते, २७ मिनिटांनी पेढा होते आणि पुन्हा २७ मिनिटांनी लिंबू. या हालचालीच्या अक्षापासून साधारण ५५ अंशांवर दोन वर्तुळे अशी असतात, की तिथली जमीन या झोक्यात वर-खाली होतच नाही. एखाद्या वेधशाळेत हा स्वर सापडला नाही म्हणजे यंत्र बिघडले असे नव्हे. ती वेधशाळा त्या वर्तुळाजवळ असू शकते. दुसरा प्रकार पिळाचा. बरणी एका हाताने धरून दुसऱ्या हाताने झाकण फिरवावे तसे दोन गोलार्ध परस्परविरुद्ध वळतात आणि परततात. त्याला सुमारे ४४ मिनिटे लागतात. यात जमीन वर-खाली अजिबात होत नाही, सगळी हालचाल आडवी असते. तिसरा प्रकार सर्वात साधा आणि आमच्या मते सर्वात सुंदर. सगळी पृथ्वी एकाच वेळी किंचित फुगते आणि किंचित आकसते, जणू श्वास घेते. एक श्वास साडेवीस मिनिटांचा. याखेरीज अधिकाधिक जलद असे शेकडो स्वर ओळखले गेले आहेत.

भूकंपाने हे स्वर उठतात कसे, ते तंबोऱ्यावरून समजते. तार कुठेही छेडली तरी तिच्या लांबीशी जुळणारी कंपनेच टिकतात, बाकीची विरतात. भूकंपाच्या पृष्ठलाटा साधारण तीन तासांत पृथ्वीला एक फेरी घालतात, त्याही एकाच वेळी दोन्ही दिशांनी. समोरासमोर आलेल्या लाटा एकमेकींत मिसळतात आणि ज्यांची लांबी पृथ्वीच्या परिघाशी जुळते त्याच जागच्या जागी उभ्या राहतात. भ्रंश, म्हणजे ज्या भेगेवर खडक सरकतो ती, उथळ असेल तर पृष्ठभागाचे स्वर जोरात उठतात, फार खोल असेल तर आतले. ९ जून १९९४ चा बोलिव्हियाचा ८.२ परिमाणाचा भूकंप ६०० किलोमीटरहून अधिक खोलीवर झाला होता. आतल्या स्वरांच्या अभ्यासाला म्हणूनच त्याच्या नोंदी मोलाच्या ठरल्या.

हे गणिताला आधी कळले, यंत्रांना नंतर. पृथ्वीएवढा पोलादी गोळा असता तर त्याचा सर्वात संथ झोका ७८ मिनिटांचा असता, असे होरेस लॅम्ब यांनी १८८२ मध्ये काढले. त्या हिशेबात गोळ्याचे स्वतःचे गुरुत्वाकर्षण धरलेले नव्हते. ऑगस्टस लव्ह यांनी १९११ मध्ये ते धरले, तेव्हा उत्तर सुमारे ६० मिनिटांवर आले. ताणलेल्या गोळ्याला गुरुत्व परत ओढते, म्हणून झोका लवकर पुरा होतो. पुढे १९५२ च्या कामचाट्का भूकंपाच्या नोंदीत ह्यूगो बेनिऑफ यांना ५७ मिनिटांचा झोका दिसल्यासारखा वाटला, पण एकट्या यंत्रावर कोण विश्वास ठेवणार?

शंका फिटली ती २२ मे १९६० च्या चिलीच्या भूकंपाने. त्याचे परिमाण ९.५, यंत्रांनी नोंदलेल्या भूकंपांत आजवरचे सर्वात मोठे. बेनिऑफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडे ताणमापक होता. बोगद्यातल्या खडकाला एका टोकाला पक्की केलेली सुमारे २४ मीटर लांबीची क्वार्ट्झची नळी, दुसऱ्या टोकाला बारीकशी फट आणि ती फट किती रुंदावते-आकसते याची नोंद, एवढीच त्याची रचना. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातल्या दुसऱ्या गटाकडे गुरुत्वमापक, म्हणजे गुरुत्वातला बारीकसा बदल टिपणारे यंत्र, होता. त्याच उन्हाळ्यात हेलसिंकीच्या परिषदेत दोघांनी आपापले आकडे समोर ठेवले, तेव्हा बहुतेक जुळले. जे जुळले नाहीत त्यांनीच खरा निकाल दिला. ताणमापकात दिसणारे काही स्वर गुरुत्वमापकात नव्हतेच. ते सगळे पिळाचे होते. पिळात जमीन वर-खाली होत नाही, घनता बदलत नाही, म्हणून गुरुत्वमापकाला ते दिसणारच नाहीत, ताणमापकाला दिसतील. खायम पेकेरिस यांनी आधीच करून ठेवलेल्या गणिताशी हे तंतोतंत बसले. जे दिसायला नको होते ते दिसले नाही, यावरून सिद्धान्त खरा ठरला.

त्याच नोंदींत एक गुंतागुंतही सापडली. ५४ मिनिटांचा स्वर एकच नव्हता, जवळजवळचे स्वर वेगळे होत होते. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, म्हणून फिरण्याच्या दिशेने जाणारी कंपने आणि उलट जाणारी कंपने सारखी राहत नाहीत आणि या स्वराचे पाच धागे होतात. साडेवीस मिनिटांच्या श्वासाला दिशाच नसते, म्हणून तो फुटत नाही.

आता वजनाकडे. आपल्याकडे अजूनही ‘९ रिश्टर स्केल तीव्रतेचा भूकंप’ असे छापतात. यात दोन चुका आहेत. तीव्रता ही एखाद्या ठिकाणच्या हादऱ्याची असते, ती गावागणिक बदलते; भूकंपाचे म्हणून एकच असते ते परिमाण. आणि चार्ल्स रिश्टर यांनी १९३५ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियातल्या स्थानिक भूकंपांसाठी बनवलेले माप ७ च्या पुढे थकते, मोठ्या भूकंपांना ते लावतच नाहीत. कारण लाटेच्या लांबीत आहे. वीस सेकंदांची पृष्ठलाट सुमारे ७० किलोमीटर लांब असते. भ्रंश १,२०० किलोमीटर फाटला असेल तर ही लाट त्याचा एकेक तुकडाच पाहते. आंधळ्यांनी हत्ती चाचपावा तसे होते. फाटलेल्या सगळ्या भ्रंशाचे माप घ्यायचे तर तेवढीच लांब, तेवढीच संथ हालचाल पाहावी लागते. १९७० च्या दशकात हिरू कानामोरी यांनी मांडलेले मोमेंट मॅग्निट्यूड भ्रंशाचे क्षेत्रफळ, सरकलेले अंतर आणि खडकाचा ताठरपणा यांच्या गुणाकारावर आधारलेले आहे. हा गुणाकार म्हणजेच आम्ही ज्याला भूकंपाचे वजन म्हणतो ते. मोठ्या भूकंपाच्या बातमीत आज जो आकडा येतो तो हा.

२६ डिसेंबर २००४ ला नेमके काय झाले ते पाहा. सकाळी ६ वाजून २८ मिनिटांनी सुमात्राजवळ भ्रंश सरकायला लागला आणि सुमारे दहा मिनिटे उत्तरेला अंदमानकडे फाटत गेला. हवाईतल्या पॅसिफिक त्सुनामी इशारा केंद्राने ६ वाजून ४४ मिनिटांनी पहिले परिमाण दिले : ८.०. साडेसातच्या सुमारास ते ८.५ झाले. पुढे हार्वर्डच्या गटाने ३०० ते ५०० सेकंदांच्या लाटांवरून ९.० काढले. त्यानंतर ५४ मिनिटांचा आणि त्याच्या जवळचे स्वर तपासले, तेव्हा ते ९.० च्या मानाने फारच जोरात निघाले. सेथ स्टाइन आणि एमिल ओकल यांनी त्यावरून ९.३ काढले, इतरांच्या हिशेबात ९.१ ते ९.२ आले. दशांशातला फरक किरकोळ वाटतो, पण परिमाण एकाने वाढले की भूकंपाचे वजन जवळजवळ ३२ पट होते. ९.० ते ९.३ म्हणजे पावणेतीन पटींहून अधिक. सकाळच्या ८.० पासून धरले तर सुमारे नव्वद पट. भ्रंशाचा उत्तरेकडचा भाग संथपणे सरकला होता. जलद लाटांना तो दिसलाच नाही, पृथ्वीच्या संथ झोक्यांनी तो पकडला. अंदमानच्या दृष्टीने हा केवळ आकड्यांचा प्रश्न नव्हता. तो भागही सरकून मोकळा झाला असेल, तर तिथे लगेच तसाच दुसरा भूकंप होण्याची भीती कमी, हा त्याचा सरळ अर्थ होता.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. त्सुनामीचा इशारा द्यायला हे घुमणे कामाचे नाही. ५४ मिनिटांचा स्वर ओळखायचा तर निदान दिवसभराची नोंद हवी, आणि तामिळनाडूच्या किनाऱ्यावर लाट दोन-अडीच तासांत पोचली होती. इशाऱ्यासाठी पृष्ठलाटांच्या आधी येणारी, १०० ते १,००० सेकंद आवर्तकालाची (एका झोक्याला लागणाऱ्या वेळाची) ‘डब्ल्यू फेज’ ही संथ लाट वापरतात. तिच्यावरून वीस-पंचवीस मिनिटांत भरवशाचे परिमाण मिळते. हैदराबादला ऑक्टोबर २००७ पासून आपले त्सुनामी इशारा केंद्र चालू आहे. म्हणून आमची विनंती एवढीच, की ८ च्या वरचा भूकंप झाला की पहिल्या दिवशीच्या आकड्यापुढे ‘प्राथमिक’ हा शब्द छापावा आणि पंधरा दिवसांनी सुधारलेल्या आकड्याची चार ओळींची बातमी द्यावी. ‘रिश्टर स्केल’ आणि ‘तीव्रता’ हे दोन्ही शब्द काढून ‘परिमाण’ लिहिले तर जागाही वाचेल.

वजन आणि नाश यांची गल्लतही याच निमित्ताने टाळता येईल. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप ६.२ चा होता. चिलीच्या मानाने तो सुमारे नव्वद हजार पट हलका. सगळ्या पृथ्वीचा झोका वेगळा काढता येईल असे त्याने काही केले नाही. तरीही हजारो माणसे गेली, कारण भ्रंश उथळ होता, वेळ पहाटेची होती आणि डोक्यावर दगड-मातीची जड घरे होती. कोयनेचा १९६७ चा भूकंपही याच वर्गातला. २००१ चा भूजचा ७.६ ते ७.७ चा भूकंप बराच मोठा, पण ५४ मिनिटांचा स्वर गोंगाटातून स्वच्छ वर काढायला साधारण ८ च्या वरचे परिमाण लागते.

घुमण्याच्या खात्यात भलत्याच गोष्टीही जमा होतात. २००४ च्या भूकंपाने दिवस २.६८ मायक्रोसेकंदांनी लहान झाला, ही बातमी गाजली. तो वस्तुमान सरकल्याचा गणिती अंदाज होता, मोजमाप नव्हते आणि घुमण्याशी त्याचा संबंध नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये ‘पृथ्वी नऊ दिवस हलत होती’ तीही गोष्ट वेगळी. ग्रीनलंडच्या डिक्सन फियॉर्डमध्ये डोंगराचा कडा कोसळला आणि त्या अरुंद खाडीतले पाणी ९२ सेकंदांच्या लयीत या काठावरून त्या काठावर हेलकावत राहिले. पृथ्वी तिथे स्वतःच्या स्वरात बोलत नव्हती, पाणी तिला ढकलत होते. उलट, कुठेही मोठा भूकंप नसताना पृथ्वी मंद गुणगुणत असते, हे जपानी शास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये दाखवले, त्याची बातमी व्हायला हवी होती. काही मिनिटांच्या आवर्तकालाचे ते स्वर मुख्यतः समुद्राच्या लाटांनी जागते राहतात.

घुमण्याने आणखी एक मोठे काम केले. लाटांना लागलेल्या वेळावरून पृथ्वीच्या आतला वेग कळतो, पण घनता थेट कळत नाही. झोक्यांत गुरुत्वाचा हात असल्यामुळे त्यांतून घनताही निघते. पृथ्वीच्या अगदी मध्याशी अंतर्गाभा असल्याचे इंगे लेहमान यांनी १९३६ मध्ये ओळखले होते. तो घन आहे, हे अ‍ॅडम झिवॉन्स्की आणि फ्रीमन गिल्बर्ट यांनी १९७१ मध्ये या स्वरांवरून दाखवले. त्यासाठी १९६४ च्या अलास्का भूकंपाच्या नोंदी कामी आल्या.

पदवीच्या वर्गात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्यांसाठी आता थोडे तपशिलात. जागतिक भूकंपमापक जाळ्याच्या नोंदी कोणालाही फुकट मिळतात. २६ डिसेंबर २००४ पासून दहा दिवसांची, उभ्या दिशेची, सेकंदाला एक वाचन असलेली नोंद घ्यावी. तिचे नाव ‘एलएचझेड’. आडव्या दिशेची घेऊ नये, कारण जमीन केसभर कलली तरी तिच्यात गोंगाट भरतो. वाचने ८,६४,००० होतात. जलद भाग आधी गाळून दर दहा सेकंदांना एक ठेवले तरी चालते. न गाळता नुसती टाकून दिली तर जलद लाटा संथ स्वरांचे सोंग घेऊन येतात. मग भरती-ओहोटी काढावी. चंद्र-सूर्याचा ओढा या स्वरांपेक्षा हजारो पटींनी मोठा आहे, ०.१ मिलिहर्ट्झच्या खालचे सगळे गाळले की तो जातो. नोंदीत खंड असेल तर हे सगळे करण्याआधी तिथे शून्ये भरू नयेत, नाहीतर त्या पायऱ्या सगळ्या वर्णपटात पसरतात. नोंदीची दोन्ही टोके हळूहळू शून्यावर आणून फूरिये रूपांतर करावे.

०.३०९ मिलिहर्ट्झच्या आसपास शेंडे दिसले पाहिजेत. पाच धाग्यांतले अंतर जेमतेम ४.७ मायक्रोहर्ट्झ आहे. तेवढे वेगळे करायला कमीत कमी ५९ तासांची नोंद लागते आणि टोके निमुळती केली तर त्याच्या दुप्पट. दोनच दिवस घेतले तर एकच बोजड उंचवटा दिसेल. महिनाभर घेतली तरी बिघडते, कारण हा स्वर दर सव्वाचार दिवसांनी निम्मा होतो आणि शेवटी उरतो तो फक्त गोंगाट. यंत्राची दुरुस्तीही विसरू नये. एसटीएस-१ या भूकंपमापकाचा प्रतिसाद ३६० सेकंदांपर्यंतच सपाट, म्हणजे एकसारखा, असतो. ५४ मिनिटांच्या झोक्याला ते सुमारे ऐंशीव्या भागाएवढाच प्रतिसाद देते. तळघरातल्या ओलाव्याने जोडण्या खराब झाल्या की हा प्रतिसाद आणखी बिघडतो.

श्वासाचा स्वर शोधायचा असेल तर अतिवाहक गुरुत्वमापकाची नोंद घ्यावी. उत्तराखंडात घुट्टूला असे यंत्र नंतर बसवले गेले, म्हणून २००४ च्या भूकंपासाठी परदेशातल्या नोंदी वापराव्या लागतील. द्रव हेलियमच्या थंडीत अडीच सेंटिमीटर व्यासाचा, काही ग्रॅम वजनाचा निओबियमचा पोकळ गोळा चुंबकी क्षेत्रात तरंगत ठेवलेला असतो आणि गुरुत्वातला दहा अब्जातल्या एका भागाचा बदलही त्याला जाणवतो. सुमात्राच्या वेळी या श्वासातली जमिनीची हालचाल मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास किंवा त्याहून कमीच होती. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने बदलला तरी यंत्रावर त्याहून मोठा परिणाम होतो, म्हणून जवळच्या दाबमापकाची नोंद घेऊन तो वजा करावा. हा स्वर सगळीकडे जवळजवळ सारखाच असतो. दोन वेधशाळांची उत्तरे स्पष्ट वेगळी आली तर एका यंत्राचे मापन चुकले आहे असे समजावे.

पहिले आठ-दहा दिवस सोडून द्यावेत, तोवर बाकीचे संथ स्वर बरेच उतरतात. श्वासात नुसते दाबणे-फुगणे असते, खडक फारसा घासला जात नाही, म्हणून तो दर सतरा दिवसांनी निम्मा होतो. निम्मा व्हायला सुमारे बाराशे श्वास लागतात. नोंद २७ मार्च २००५ ला तोडावी. २८ तारखेच्या रात्री नियास बेटाजवळ ८.६ चा भूकंप झाला आणि दोन टक्क्यांच्या आसपास उतरलेला श्वास पुन्हा वर चढला.

आपले,
भूभौतिकीचे दोन अध्यापक, पुणे